हृदयाचे कप्पे आणि मिट्रल झडपेचे कडे

टू-डी इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीच्या, अहवालात ‘डावे अलिंद मोठे झाले आहे’ आणि ‘मिट्रल झडपेतून मध्यम गळती आहे’ ही दोन वाक्ये पुष्कळदा एकाखाली एक येतात, आणि रुग्णाचे नातेवाईक ती दोन वेगवेगळ्या आजारांची नावे म्हणून वाचतात. मग विचारले जाते, “डॉक्टर, हृदय मोठं झालंय म्हणून झडप गळतेय, की झडप गळतेय म्हणून हृदय मोठं झालंय?” हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटतो त्यापेक्षा फार मोलाचा आहे, कारण औषधे द्यायची, शस्त्रक्रिया करायची की हृदयाची लय आधी सुधारायची, हे त्याच्याच उत्तरावर ठरते. मी रोज इको करते आणि रोज हा प्रश्न ऐकते; परंतु बाहेर रांग उभी असताना त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी रचना पाहू. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात येते, तेथून मिट्रल झडपेतून डाव्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात उतरते, आणि निलय आकुंचन पावले की महाधमनीतून सर्व शरीरात जाते. (ज्यांनी शाळेत कर्णिका आणि जवनिका हे शब्द शिकले त्यांनी तसे वाचावे.) निलयाच्या आकुंचनाच्या वेळी मिट्रल झडप घट्ट मिटली पाहिजे, ती मिटली नाही तर काही रक्त उलटे अलिंदात जाते, आणि त्यालाच आपण गळती म्हणतो.

ही झडप म्हणजे हृदयात बसवलेला एखादा स्वतंत्र भाग आहे, अशी कल्पना अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक भाग शेजारच्या भिंतींशी जोडलेला आहे. तिचे कडे, म्हणजे जिला पाकळ्या जोडलेल्या असतात ती चौकट, अलिंद आणि निलय यांच्या सांध्यावर आहे. त्या कड्यातून दोन पाकळ्या लोंबतात : पुढची लांब, पण कड्याचा सुमारे एक तृतीयांश परीघच व्यापणारी, आणि मागची आखूड, पण उरलेला दोन तृतीयांश परीघ व्यापणारी. पाकळ्यांच्या कडांपासून बारीक, चिवट दोऱ्या निघतात आणि त्या निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या दोन स्नायूंना, पॅपिलरी स्नायूंना, जाऊन मिळतात. म्हणजे झडपेचे वरचे टोक अलिंदाच्या हाती आहे आणि खालचे टोक निलयाच्या. यांपैकी कोणताही कप्पा ताणला गेला तर झडपेला त्यातून सुटका नसते.

कड्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण सगळा विषय त्याच्याभोवतीच फिरतो. ते गोल नसते. इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे एका बाजूने सपाट असते. शिवाय ते एका पातळीतही नसते : पुढची आणि मागची बाजू उंच, तर दोन्ही कोपरे खाली, अशी त्याची घडण असते, आणि या घडणीमुळे पाकळ्यांवरचा ताण कमी होतो. पुढची सपाट बाजू महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तंतुमय ऊतीला जोडलेली असते आणि त्यामुळे ती सहसा फारशी ताणली जात नाही. मागची बाजू मात्र बहुतांशी स्नायूंच्या आधारावर असते, आणि कडे रुंदावते ते मुख्यतः तेथे. निरोगी माणसात हे कडे प्रत्येक ठोक्याला लहानमोठे होत असते. आकुंचनाच्या काळात त्याचे क्षेत्रफळ साधारण पाव भागाने घटते आणि पाकळ्यांना मिटायला मदत करते. ताणलेले कडे रुंद होते आणि शिवाय ही हालचालही गमावून बसते, हे दुसरे नुकसान अहवालातल्या आकड्यांत सहसा दिसत नाही.

आता मापे. झडप पूर्ण उघडल्यावर तिच्यातून रक्त जाण्याची वाट निरोगी प्रौढात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. कड्याचा पुढून-मागचा व्यास ३५ मिलिमीटरपेक्षा अधिक भरला, किंवा पुढच्या पाकळीच्या लांबीच्या १.३ पटीहून जास्त झाला, तर कडे रुंदावले आहे असे मानण्याची पद्धत आहे. या दोन निकषांतला दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो कड्याला पाकळीच्या मापाने मोजतो. चौकट फुगून रुंदावली आणि दाराच्या फळ्या तेवढ्याच राहिल्या तर फट पडणारच. पण चौकट किती रुंदावली यापेक्षा फळ्या त्या चौकटीला पुरतात का, हे पाहणे जास्त उपयोगाचे असते.

निसर्गाने पाकळ्या बऱ्याच सैल ठेवल्या आहेत. दोन्ही पाकळ्यांचे मिळून क्षेत्रफळ कड्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दीड ते दोन पट असते, आणि म्हणून झडप मिटते तेव्हा त्यांच्या नुसत्या कडा टेकत नाहीत, तर काही मिलिमीटर उंचीचा पट्टा एकमेकींवर दाबला जातो. हा पट्टा ही झडपेची शिल्लक आहे. आता एक साधा हिशेब करून पाहावा. कड्याचा व्यास ३० मिलिमीटरवरून सर्व बाजूंनी सारखा वाढत ४० मिलिमीटर झाला, तर वाढ दहाच मिलिमीटरची दिसते, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ते जवळजवळ पावणेदोन पट होते. ज्याची शिल्लक मुळात दीडपट होती त्याची झडप एवढ्यात उघडी पडेल, आणि ज्याची दुप्पट होती त्याची कदाचित तग धरेल. एकाच मापाचे हृदय असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला गळती असते आणि दुसऱ्याला नसते, याचे एक कारण येथे आहे.

दुसरे कारण अधिक थक्क करणारे आहे. पाकळ्या वाढतात. पूर्वी त्यांना निर्जीव पडदे समजले जाई, पण २००८ साली त्रिमितीय इकोने केलेल्या मोजणीत निलय कमकुवत होऊन पसरलेल्या रुग्णांच्या पाकळ्यांचे क्षेत्रफळ निरोगी माणसांपेक्षा सरासरीने सुमारे ३५ टक्के जास्त आढळले. आणि ज्यांना लक्षणीय गळती होती त्यांच्यात ही वाढ हृदयाच्या पसरण्याच्या मानाने अपुरी पडलेली होती. पुढच्याच वर्षी मेंढ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात गळती होऊ न देता केवळ पॅपिलरी स्नायूंची टोके ओढून धरली होती, तर सुमारे दोन महिन्यांत पाकळ्या रुंदही झाल्या आणि जाडही झाल्या. ताण पडला की झडप स्वतःला वाढवू पाहते, हे यावरून स्पष्ट झाले. त्यामुळे हृदय हळूहळू मोठे झाले तर झडपेला सावरायला अवसर मिळतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही आठवड्यांतच निलयाचा आकार बिघडला तर तो मिळत नाही. शिवाय जाड झालेली पाकळी ताठही होते, त्यामुळे ही भरपाई पूर्णपणे निर्दोष नसते.

निलय मोठे होते तेव्हा काय घडते, ते पाहू. झटक्याने स्नायूंचा एक भाग मेला असेल, किंवा स्नायूंच्या आजाराने सबंध निलयच ढिले पडले असेल, तर त्याचा मूळचा निमुळता आकार जाऊन ते चेंडूसारखे गोल होऊ लागते. पॅपिलरी स्नायू बाहेरच्या बाजूला आणि खाली सरकतात. दोऱ्या काही लांबत नाहीत, म्हणून त्या पाकळ्यांना निलयाच्या आत ओढून धरतात, आणि पाकळ्या कड्याच्या पातळीपर्यंत वर येऊच शकत नाहीत. त्यांत निलयाचा जोर कमी झालेला असल्यामुळे पाकळ्या मिटवणारा दाबही अपुरा असतो. इकोवर मिटलेल्या झडपेचा टोकदार तंबू निलयात उतरलेला दिसतो, आणि त्याची उंची आम्ही मोजतो. यात कड्याचे रुंदावणे हातभार लावते, पण मुख्य दोष खालून होणाऱ्या ओढीचा असतो. मागच्या-आतल्या पॅपिलरी स्नायूला बहुधा एकाच रक्तवाहिनीतून रक्त मिळते, तर पुढच्या-बाहेरच्या स्नायूला दोन; म्हणून हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका तुलनेने लहान असूनही गळती मात्र मोठी, असे चित्र दिसते.

अलिंदाची गोष्ट निराळी आहे आणि तिच्यावर बराच काळ वाद होता. वर्षानुवर्षे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदाची अनियमित थरथर, असलेल्या रुग्णांत अलिंद पसरते आणि त्याबरोबर कडेही. पण तेवढ्याने गळती होते का? २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवले की, निलय चांगले असलेल्या अशा रुग्णांत कडे स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांइतकेच रुंदावलेले असूनही गळती नगण्य होती. निष्कर्ष असा निघाला की नुसते कडे रुंदावल्याने सहसा मोठी गळती होत नाही. २०११ साली अमेरिकेतून आलेल्या अभ्यासाने दुसरी बाजू मांडली : फिब्रिलेशनवर अॅब्लेशनचे, म्हणजे थरथर घडवणाऱ्या जागा निकामी करण्याचे, उपचार झालेल्या आणि आधीपासून गळती असलेल्या रुग्णांपैकी ज्यांची लय नंतर नियमित राहिली त्यांचे अलिंद आणि कडे दोन्ही आक्रसले, आणि त्यांच्यात लक्षणीय गळती २४ टक्क्यांनाच उरली, ज्यांची लय पुन्हा बिघडली त्यांच्यात ती ८२ टक्क्यांना होती. मला हे दोन्ही अभ्यास परस्परविरोधी वाटत नाहीत. पाकळ्यांची शिल्लक आणि त्यांची वाढ पुरेशी असेपर्यंत पहिला अभ्यास खरा ठरतो, आणि ती संपली की दुसरा. त्यात आणखी एक बारकावा आहे. अलिंद मागे आणि खाली फुगत गेले की कड्याची मागची बाजू निलयाच्या भिंतीच्या माथ्यावरून बाहेर खेचली जाते आणि मागची पाकळी ताणून जवळपास सपाट होते. मग पुढच्या पाकळीला गाठण्यासाठी तिच्याकडे लांबीच उरत नाही.

अलिंदाच्या मापाबाबत येथेच एक सांगून ठेवते. अहवालात पुष्कळदा केवळ पुढून-मागचा व्यास दिलेला असतो. परंतु पुढे छातीचे हाड आणि मागे पाठीचा कणा यांच्यामध्ये अलिंदाला त्या दिशेने पसरायला जागा कमी असते, म्हणून ते आधी वर-खाली आणि आडवे वाढते, आणि व्यास जवळपास ठीक दिसत राहतो. घनमान काढून त्याला शरीराच्या पृष्ठफळाने भागले तर खरा अंदाज येतो. प्रति चौरस मीटर ३४ मिलिलिटरपर्यंतचे अलिंद सामान्य मानले जाते, आणि ४८ च्या पुढचे बरेच वाढलेले.

आतापर्यंत कप्प्यामुळे झडप बिघडण्याची बाजू सांगितली. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पाकळी मुळातच ढिली व फुगीर असेल, दोरी तुटली असेल, किंवा संधिवाताच्या तापाने पाकळ्या आखडल्या असतील, तर गळती आधी येते आणि कप्पे नंतर वाढतात. प्रत्येक ठोक्याला उलटे गेलेले रक्त अलिंदाला सामावून घ्यावे लागते, आणि तेच रक्त पुढच्या ठोक्याला नेहमीच्या रक्तासह निलयात येते, म्हणून दोन्ही कप्पे जास्तीच्या भाराने पसरतात. ते पसरले की कडे रुंदावते, कडे रुंदावले की गळती वाढते, आणि वाढलेली गळती कप्प्यांना आणखी पसरवते. गळतीच गळतीला जन्म देते, हे एडवर्ड्स आणि बर्चेल या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९५८ सालीच नोंदवून ठेवले होते. अनेक वर्षांनी इको पहिल्यांदा झाला तर सुरुवात कोठून झाली हे ओळखणे कठीण जाते. अशा वेळी पाकळ्या बारकाईने पाहाव्या लागतात. त्या नाजूक आणि निरोगी दिसल्या तर दोष कप्प्याचा, आणि त्या जाड, फुगलेल्या, चिकटलेल्या किंवा तुटलेल्या दिसल्या तर दोष झडपेचा.

कप्प्याचा आकार काळही सांगतो. दोरी आज अचानक तुटली तर गळती भयंकर असते, पण अलिंद लहानच असते. त्याला पसरायला वेळच मिळालेला नसतो. त्यामुळे त्यातला दाब एकदम चढतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण बसल्या जागी गुदमरू लागतो. याउलट तितकीच गळती दहा वर्षांत हळूहळू वाढलेली असेल, तर अलिंद मोठे आणि सैल होऊन दाब पचवते, आणि असा माणूस जिना चढून येतो व मला काही त्रास नाही म्हणतो. म्हणून ‘अलिंद सामान्य आहे’ हे वाक्य धाप लागलेल्या रुग्णाच्या अहवालात वाचून निर्धास्त होऊ नये.

आपल्याकडे या विषयाचा एक मोठा भाग संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेचा आहे. लहानपणी घसा सुजून येणारा ताप, मग सांधेदुखी, आणि काही वर्षांनी, विशेषतः तरुण स्त्रियांत, गरोदरपणी पहिल्यांदा लक्षात येणारी धाप, हा क्रम महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला परिचयाचा आहे. येथे ‘झडप लहान’ आणि ‘कप्पा मोठा’ अशा दोन गोष्टी एकत्र येतात आणि वाचणारा गोंधळतो. लहान होते ती पाकळ्यांच्या टोकांची वाट, कारण पाकळ्या कोपऱ्यांवर एकमेकींना चिकटतात. वरचे कडे मात्र अलिंदाबरोबर रुंदावलेले असू शकते. वाट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की ती गंभीर मानतात. रक्त अलिंदात तुंबते आणि अलिंद फुगत जाते, निलयाचे माप मात्र सामान्य किंवा लहानच राहते. हे चित्र इतके ठळक असते की कप्प्यांची मापे पाहूनच निदानाचा अंदाज बांधता येतो. अलिंद इतके मोठे होऊ शकते की, शेजारच्या दाबाने स्वरयंत्राची नस चेपून आवाज घोगरा होतो. व्हिएन्नाच्या ऑर्टनर यांनी हे १८९७ साली वर्णन केले होते. अशा अलिंदात थरथर सुरू झाली की रक्त साकळून गुठळी होण्याचा धोका फार वाढतो, आणि त्यासाठी वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉमच्या जातीची, रक्त साकळू न देणारी जुनी औषधेच द्यावी लागतात; नवी औषधे येथे कमी पडतात, हे २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले आहे. रक्त साकळायला किती वेळ लागतो हे पाहणारी पीटी-आयएनआरची तपासणी चुकवू नका, असे मी अशा रुग्णांना दर वेळी बजावते.

उपचारांत हा सर्व विचार कसा उतरतो, ते आता सांगते. दोष झडपेचा असेल तर कप्प्याची मापे शस्त्रक्रियेची वेळ ठरवतात. त्रास नसला तरी आकुंचनाच्या शेवटी निलयाचा व्यास ४० मिलिमीटर झाला, किंवा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या निलयातल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ६० टक्क्यांवर किंवा खाली आले, तर झडप दुरुस्त करावी, असा सध्याचा संकेत आहे. ६० टक्के हा आकडा नातेवाइकांना उत्तम वाटतो. परंतु गळक्या झडपेच्या हृदयात बाहेर फेकलेल्या रक्तातला मोठा वाटा कमी दाबाच्या अलिंदात सहज जातो, म्हणून तो आकडा फुगलेला असतो, आणि ६० म्हणजे तेथे निलय थकू लागल्याची खूण असते. युरोपच्या २०२१ सालच्या मार्गदर्शनात, झडप टिकाऊपणे दुरुस्त होण्यासारखी असेल तर प्रति चौरस मीटर ६० मिलिलिटर किंवा अधिक वाढलेले अलिंदही विचारात घ्यायला सांगितले आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटते.

दोष निलयाचा असेल तर केवळ कडे आवळून भागत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, झटक्यानंतर गंभीर गळती झालेल्या रुग्णांपैकी ज्यांचे कडे रिंग घालून लहान केले त्यांच्यातल्या ३२.६ टक्के रुग्णांना वर्षभरात मध्यम किंवा गंभीर गळती पुन्हा झाली; झडप बदललेल्यांत हे प्रमाण २.३ टक्के होते. निलय गोल होतच राहिले आणि दोऱ्यांची ओढ चालूच राहिली, हे त्याचे कारण. म्हणून येथे आधी निलय लहान करणारी औषधे पूर्ण मात्रेत देतात, आणि योग्य रुग्णात दोन्ही बाजूंना एकसाथ चालवणारा पेसमेकर बसवतात. काही महिन्यांत निलय आक्रसते आणि कित्येकांची गळती झडपेला हात न लावता कमी होते.

२०१८ साली पाकळ्यांना मधोमध चिमटा लावण्याच्या उपचाराच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. फ्रान्समधल्या चाचणीत लाभ दिसला नाही. अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर आले. फ्रान्समधल्या रुग्णांची निलये सरासरीने जास्त मोठी होती आणि गळती कमी होती. अमेरिकेतल्यांची निलये त्या मानाने लहान आणि गळती जास्त. निलयाच्या आकाराच्या मानाने गळती जास्त असेल तर झडपेवरचा उपचार लाभतो, आणि गळती निलयाच्या आकाराला साजेशीच असेल तर दुखणे निलयातच असते, असे या फरकाचे स्पष्टीकरण पुढच्या वर्षी मांडले गेले. त्यावर सर्वांचे एकमत नाही, औषधोपचारांतल्या फरकाचाही मुद्दा आहे. तरी रुग्णाशी बोलताना मला हीच मांडणी सर्वांत जास्त उपयोगी पडते.

म्हणून नातेवाइकांना माझे सांगणे असे की, जुने अहवाल टाकू नयेत, आणि दोन अहवालांची तुलना करताना केवळ ‘मध्यम’ किंवा ‘गंभीर’ हे शब्द न पाहता आकुंचनाच्या शेवटचा निलयाचा व्यास, अलिंदाचे घनमान आणि लय या तीन नोंदी पाहाव्यात. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने मोजलेली मापे असावीत, कारण दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो. कप्प्यामुळे होणारी गळती तर एकाच दिवसात बदलू शकते. रक्तदाब चढलेला असताना ती जास्त दिसते, लघवी वाढवणाऱ्या औषधाने अंगातले जास्तीचे पाणी उतरल्यावर कमी दिसते, आणि भूल दिल्यावर तर कधी कधी जवळजवळ नाहीशी होते, म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या इकोवरून तिची खरी तीव्रता ठरवत नाहीत. इको केला तेव्हा रक्तदाब किती होता, हे अहवालात लिहिलेले नसेल तर विचारून त्याच कागदावर लिहून घ्यावे.